कपाटातला कॅमेरा

जुने सिनेमाचे कॅमेरे जमविणारा मनुष्य आपला खजिना मांडू लागला, म्हणजे आधी पितळ पुसतो. भिंग चमकते, लाकडी पेटीला तेलपाणी होते, खाली साल लिहिलेली चिठ्ठी लागते. असे संग्रह आम्ही पुष्कळ पाहिले आणि आनंदाने पाहिले. पण एक तक्रार उरतेच. पेटीचे दार बंद असते! आणि कॅमेऱ्याची सगळी विद्या तर त्या दाराआड.

ती विद्या म्हणजे तरी काय? फिल्म सरळ वाहत गेली तर चित्र फरफटते. म्हणून तिने क्षणभर थांबले पाहिजे. तेवढ्यात झडप उघडून उजेड आत आला पाहिजे. मग झडप मिटून फिल्म बरोबर एका चित्राएवढी सरकली पाहिजे. कडेच्या भोकांत अडकणारी बारीकशी नखी हे काम करते. मूकपटांच्या काळी हे साधारणपणे सेकंदाला १६ वेळा घडे आणि घडविणारा हात माणसाचा असे: सेकंदाला दोन फेरे, फेऱ्याला आठ चित्रे. हात मंदावला की पडद्यावरचा राजा लगबगीने धावू लागे.

७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्यूमिएर बंधूंच्या ज्या यंत्राने खेळ झाला, ते यंत्र चित्र घेईही आणि दाखवीही. पुढे सावेदादा भाटवडेकरांनी विलायतेहून कॅमेरा मागविला व १८९९ साली कुस्ती टिपली. दादासाहेब फाळक्यांनी १९१२ साली लंडनहून विल्यमसन कॅमेऱ्याबरोबर फिल्मला भोके पाडण्याचे यंत्रही आणले. अंधारात बसून ती भोके पाडीत सरस्वतीबाई. त्या यंत्रालाही कपाटात जागा हवी, असे आम्हाला वाटते.

पण खरी गंमत कोल्हापूरची. आनंदराव आणि बाबुराव पेंटर हे नाटकाचे पडदे रंगविणारे कलावंत. त्यांनी मुंबईहून चित्रे दाखविण्याचे एक जुने यंत्र मिळविले आणि त्यावरून कॅमेरा बनविण्याचा ध्यास घेतला. वेडेपणा नव्हता तो! थांबणे, झडप, नखी हा खेळ दोन्ही यंत्रांत एकच. एकातून उजेड बाहेर जातो, दुसऱ्यात आत येतो. १९१६ साली आनंदराव गेले. बाबुरावांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून १९१८ साली कॅमेरा पुरा केला, आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आली. यंत्र बंद ठेवून नुसते पाहिले असते, तर यातले काय घडले असते?

आपल्याकडच्या सुमारे १३०० मूकपटांपैकी आज हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच, तेही बरेचसे तुकड्यांनी, उरले आहेत. चित्रे गेली, ती टिपणारी यंत्रे तेवढी कोठे कोठे आहेत. चक्रे झिजतील म्हणून संग्राहक ती फिरवू देत नाहीत, हे रास्तच आहे. तर मग शेजारी एक नक्कल ठेवावी, पोरांना तिचा दांडा फिरवू द्यावा, आणि मूळ पेटीचे दार उघडून आत कोरी फिल्म ओवून दाखवावी. जुनी मात्र घालू नये. नायट्रेटची फिल्म चटकन पेट घेते, आणि कुजली तर तिचे आम्ल धातू खाते.