गॅरेज तापतंय? बॉयलर आणि पाइपमधून वाया जाणारी उष्णता अशी रोखा

इंग्लंडमध्ये भाड्याच्या घरात आलो, तेव्हा गॅरेजच्या भिंतीवर गॅसचा जुना बॉयलर, शेजारी 200 लिटरची गरम पाण्याची टाकी आणि मधे तांब्याच्या उघड्या पाइपांचं जाळं दिसलं. आपल्याकडे गीझर बाथरूममध्ये असतो. इथे घर गरम ठेवणारी सगळी यंत्रणा बरेचदा गॅरेजमध्ये असते. नोव्हेंबरमध्ये बाहेर 6 डिग्री आणि गॅरेजमध्ये 21! मी खूश. कपडेही तिथेच वाळायचे. मग एक दिवस टाकीच्या वरच्या शेल्फवर ठेवलेली माझी पॉवर बँक फुगली.

ब्लूटूथ थर्मामीटर ठेवून मोबाईलवर ग्राफ पाहिला, तर त्या शेल्फवर 36 डिग्री होते. लिथियम बॅटरीला असा सततचा ताप सोसत नाही. आयफोन वापरायलासुद्धा कंपनी 0 ते 35 डिग्रीच सांगते. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, टोचू नका, कचऱ्याच्या डब्यातही टाकू नका.

आता ही उष्णता येते कुठून? जुना बॉयलर थोडी सोडतोच, पण माझ्याकडे खरे चोर निघाले पाइप. 22 मिमीच्या उघड्या पाइपात 60 डिग्रीचं पाणी असेल आणि खोली 20 डिग्रीवर असेल, तर दर मीटरला साधारण 30 वॅट उष्णता बाहेर पडते. माझ्याकडे 12 मीटर पाइप, म्हणजे 360 वॅट. रोज 10 तास धरले तर 3.6 युनिट. एवढ्या उष्णतेचे पैसे भरून आपण गाडीला ऊब देतोय!

माझी चूक, जी तुम्ही करू नका

आधी मला वाटलं, ऊब भिंतीतल्या जाळीतून बाहेर जातेय. म्हणून जाळीवर थर्मोकोल चिकटवला आणि ऊब घरात यावी म्हणून आतलं दार उघडं ठेवलं. वार्षिक तपासणीला आलेल्या इंजिनिअरने आधी बॉयलर बंद केला आणि मगच तोंड उघडलं. असा जुना बॉयलर गॅस जाळायला लागणारी हवा खोलीतूनच घेतो. हवा कमी पडली की ज्वलन अर्धवट होतं आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना वास, ना रंग. वरून दार उघडं, म्हणजे गाडीचा धूरही थेट घरात. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

मग एक्झॉस्ट फॅन लावू का? मीही हेच विचारलं. उत्तर : अजिबात नाही. पंखा हवा ओढतो, तेव्हा धुराड्यातून वर जाणारा वायू उलटा खोलीत येऊ शकतो. नवे बॉयलर जळणासाठी हवा थेट बाहेरून घेतात, त्यांचं गणित वेगळं. तुमचा कोणता आहे हे गॅस सेफ नोंदणी असलेल्या माणसालाच विचारा. इथे गॅसच्या उपकरणाचं काम कायद्याने त्यांनीच करायचं असतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र आजच आणा आणि बॉयलरपासून 1 ते 3 मीटरवर लावा.

मग काय केलं?

घरमालकाला विचारून पाइपांवर फोमची नळी चढवली. ती लांबीत चिरलेली मिळते, नुसती दाबून बसवायची आणि चिरेवर टेप मारायचा. कोपरे सोडू नका, उष्णता तिथूनही पळते. धुराड्याला मात्र फोम लावायचा नाही, तो वितळेल किंवा पेटेल. टाकीवर जाड जॅकेट घातलं. टाकीचं तापमान 60 च ठेवलं. त्याखाली नेलं तर लिजिओनेला नावाचे जंतू वाढायची भीती असते. टायमर लावून पाणी दिवसभर गरम करणं बंद केलं, ते वेगळंच.

आता शेल्फवर 25 डिग्री, गॅरेजमध्ये 14. एक गोष्ट कोणी सांगितली नव्हती : गॅरेज थंड झालं की तिथले थंड पाण्याचे पाइप कडाक्याच्या थंडीत गोठू शकतात. म्हणून उरलेला फोम त्यांनाही लावला. कपडे मात्र आता दोन दिवस वाळत नाहीत.