छपराखालील थर व जुनीं दप्तरें

जुन्या कागदांच्या नाशाचा विचार करतांना आपण अग्नीचेंच नांव प्रथम घेतों. १८२८ सालीं शनिवारवाडा जळाला, ही गोष्ट सर्वांस ठाऊक आहे. परंतु छपरांतून झिरपणाऱ्या पाण्यानें किती रुमाल कुजले, याची नोंद कोणीं ठेविली नाहीं. म्हणून छपराच्या दृश्य भागाखालीं जो थर असतो, त्याविषयीं दोन शब्द लिहितों.

अमरकोशांत छपरास 'पटल' व 'छदि' आणि त्याच्या कडेस 'वलीक' व 'नीध्र' अशीं नांवें आहेत. पटल या शब्दाचा थर असाही अर्थ होतो. आणि देशावरील धाबें किंवा माळवद हें तर थरांचेंच बनलेलें असतें. तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचा, त्यांवर पाला अथवा गवत, आणि सर्वांवर पांढऱ्या मातीचा चोपलेला जाड थर. पहिल्या सरींनीं माती फुगते, तिचीं छिद्रें बुजतात आणि पुढील पाणी उतारानें पन्हळीकडे जातें. मधला पाला माती खालीं गळूं देत नाहीं. कोंकणांत पाऊस अधिक, म्हणून तेथें उतरतें छप्पर, नळीचीं कौलें व दरवर्षींची शाकारणी. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळुरास कौलांचा कारखाना काढल्यावर खांचेचीं कौलें पसरलीं. त्यांच्या खालीं बसविण्याचीं चपटीं कौलेंही निघालीं. वाऱ्यानें सांध्यांतून आंत शिरलेलें पाणी असा दुसरा थर अडवितो व वळचणीकडे नेतो.

एका वाड्यांत मीं स्वतः पाहिलेली गोष्ट सांगतों. मालकांनीं धाब्याची माती जड म्हणून उतरविली व उघड्या लांकडांवर पत्रे घातले. पत्रा कोठेंही फुटला नव्हता. तरी रात्रीं तो थंड होऊन आंतील बाष्प त्याच्या पोटाशीं जमे व थेंब थेंब खालच्या फडताळावर पडे. दोन पावसाळ्यांनंतर तेथील रुमाल सोडला, तेव्हां कागदांची वडी झाली होती. काजळाची शाई ती. मोडी अक्षरांच्या जागीं काळे डाग तेवढे राहिले. मालकांस दोष देववत नाहीं. त्या मातीखालीं काय वांचत होतें, हें त्यांस कोणीं सांगितलेंच नव्हतें.

राजवाड्यांनीं १८९८ सालीं 'मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें' यांचा पहिला खंड काढला, तेव्हांपासून आपण घरोघर कागद शोधीत आहों. संग्राहकांस विनंति एवढीच कीं, दप्तर सोडण्यापूर्वीं एकवार मान वर करून छत पाहावें. ओल दिसल्यास यादी मागाहून करावी, रुमाल आधीं हलवावा. आणि जुना वाडा उतरविला जात असेल, तर त्याच्या थरांचा क्रमही टिपून ठेवावा; तो पुन्हां पाहावयास मिळणार नाहीं.