पंगत आणि पाठ

तुळजापुरास आश्विनांतील नवरात्रांत व पौर्णिमेस दूरदूरचे यात्रेकरू पायीं येतात. देवीचें दर्शन झालें, कीं त्यांची पावलें खाणावळीकडे वळतात. वाढणाऱ्याचा हात स्वच्छ आहे कीं नाहीं, हें त्यांस कळत नाहीं. सारें विश्वासावर चालतें.

पूर्वीं हा धंदा पाहून शिकावा लागे. पोऱ्या आधीं भांडीं घाशी, मग वाढी, आणि आचाऱ्याची मर्जी बसली तरच चुलीजवळ जाई. १९५४ सालीं लीलावती मुनशी यांच्या पुढाकारानें मुंबईंत या व्यवसायाचें शिक्षण देणारी संस्था निघाली; परंतु गांवोगांवच्या पोऱ्यास ती दूरच होती. पुढें २००६ सालीं अन्नसुरक्षेचा कायदा झाला. २०१७ पासून सुरू झालेल्या सरकारी प्रशिक्षण-योजनेंत दर पंचवीस कामगारांमागें एक शिकलेला देखरेख्या असावा, असें ठरलें. त्यानें इतरांस शिकवावयाचें.

यांतील मर्म हेंच. यात्रेच्या गर्दींत नवे हात कामास लागतात. कालचा शिकलेला पोऱ्या आज दुसरीकडे जातो. तेव्हां हात धुणें, पाणी झांकणें, शिळें वेगळें काढणें, हा पाठ एकदां देऊन संपत नाहीं. पंगत रोज बसते. पाठही रोजच द्यावा लागतो.