पोस्टाने शिकलेला मामा

मागच्या शनिवारी पूर्णा गावात गेलो होतो. परभणीकडचं पूर्णा जंक्शन नव्हे हो, आपलं भिवंडीचं पूर्णा. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडायचा, काल्हेर मागे टाकायचं, आणि मग कंटेनरच्या मागे कंटेनर... तुम्ही ऑनलाइन मागवलेल्या चपला बहुधा याच पट्ट्यातल्या एखाद्या गोडाऊनमधून निघालेल्या असतात. त्या अवाढव्य गोडाऊनांच्या मधे माझ्या मामाचा एक चिमुकला गाळा आहे. आत दोन ईसीजी मशीन, एक सक्शन मशीन, पोट उघडं पडलेला पेशंट मॉनिटर आणि सोल्डरिंगचा वास. मामा आयुष्यभर हॉस्पिटलमधली यंत्रं दुरुस्त करत आला. आता रिटायर झालाय, म्हणजे पगार बंद झालाय, काम चालूच आहे.

मी गेलो होतो त्याचा लॅपटॉप फॉरमॅट करायला. (घरात एक जण आयटीत असला की सगळ्या खानदानाचे लॅपटॉप त्याचेच!) इन्स्टॉलेशन जेमतेम दहा टक्क्यांवर आलं आणि मामाचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल. पालघर जिल्ह्यातल्या एका रुग्णालयातला टेक्निशियन, वय असेल बावीस-तेवीस. नवजात बाळाला ऊब देणारा रेडियंट वॉर्मर सारखा अलार्म मारत होता.

"प्रोब काढ. मीटर ओहमवर ठेव. किती दाखवतंय?"

"सर, काहीच नाही. ओपन."

"आता कनेक्टरजवळची वायर हळू वाकवून बघ."

"आला सर... बावीसशे... गेला परत."

मामाने मान हलवली. माझ्याकडे वळून म्हणाला, "वायर आतून तुटलीये. पंचवीस डिग्रीला सव्वादोन हजार ओहम हवेत, काखेत धरला की उतरून साडेतेराशेच्या आसपास." पोरगा म्हणाला, सोल्डर मारतो. मामा एकदम ओरडलाच, "अजिबात नाही! तो प्रोब कचऱ्यात. दुसरा वॉर्मर हीटर जळून पडलाय ना? त्याच कंपनीचा आहे? त्याचा प्रोब लाव, थर्मामीटर ठेवून अर्धा तास चालव, आकडे मला पाठव. तोपर्यंत बाळ ठेवायचं नाही."

अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं, सवयच तशी.

घरी येताना डोक्यात एकच चालू होतं. हे जे मी पाहिलं त्याला नाव काय? दूरशिक्षणच ना? मग रविवारभर त्याचा इतिहास खणत बसलो. विकांत असा सत्कारणी लागला.

तर गोष्ट सुरू होते अमेरिकेतल्या कोळशाच्या खाणीत. १८६९ साली पेनसिल्व्हानियातल्या ॲव्हनडेल खाणीत आग लागली आणि ११० माणसं गेली. त्यानंतर सुरक्षेचे कायदे आले. १८८५ च्या कायद्यानंतर खाणीतल्या फोरमनला परीक्षा देणं भाग पडलं. आता खाणीत दिवसभर राबणारा माणूस परीक्षेचा अभ्यास कधी आणि कुठे करणार? थॉमस फॉस्टर नावाचा एक संपादक होता. तो आपल्या खाणविषयक मासिकात वाचकांच्या तांत्रिक प्रश्नांना उत्तरं द्यायला लागला. प्रश्न इतके यायला लागले की १८९१ मध्ये त्याने स्क्रॅन्टन गावातून खाणकामाचा रीतसर पोस्टल कोर्स सुरू केला. तीच पुढे इंटरनॅशनल करस्पॉन्डन्स स्कूल्स झाली आणि लाखो कामगारांनी तिथे नावं घातली. बहुतेकांनी कोर्स अर्धवट सोडला, हेही सांगायला हवं. (माझ्या खात्यावर अर्धवट पडलेले सात ऑनलाइन कोर्स आहेत, त्यामुळे मी कोणाला हसत नाही.)

पण मला यात भावलं ते वेगळंच. तांत्रिक विषयाचं पोस्टातून शिक्षण एवढं फोफावलं ते एका व्यवहारी गरजेतून: जमिनीखाली माणसं मरू नयेत म्हणून फोरमनला वायू, हवा आणि पंप कळायला हवेत. डिग्रीचा तिथे संबंधच नव्हता.

आपल्याकडे मात्र गाडी दुसऱ्या रुळावर गेली. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं, मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये, आणि १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. पहिले कुलगुरू राम ताकवले, ब्रीदवाक्य 'ज्ञानगंगा घरोघरी'. बी.ए., बी.कॉम.साठी ही गंगा खरंच घरोघरी गेली. नोकरी करून पदवीधर झालेल्या कितीतरी गृहिणी, पोलीस, एसटी कंडक्टर आपण सगळ्यांनीच पाहिलेत.

इंजिनियरिंगसाठी याच्याही आधीपासून वेगळा रस्ता होता, एएमआयई. इन्स्टिट्यूशन ऑफ इंजिनियर्सची स्थापना १९२० ची, रॉयल चार्टर १९३५ चं. सेक्शन ए, सेक्शन बी, वर्षातून दोनदा परीक्षा. कॉलेज नाही, वर्ग नाही. पास झालात तर सरकारी नोकरीसाठी बी.ई.च्या बरोबरीचे. डिप्लोमा करून कारखान्यात चिकटलेल्या हजारो पोरांचं ते स्वप्न होतं.

मामा त्यातलाच. इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून तो एका डीलरकडे लागला. दिवसा एक्स-रे आणि ईसीजी मशीनच्या व्हिजिट, रात्री पोस्टाने आलेल्या कोचिंगच्या नोट्स. आजी सांगते, पोस्टमनला पाणी विचारल्याशिवाय ती सोडत नसे, का तर तो पोराचं कॉलेज घेऊन येतो! सेक्शन ए झाला. बी चे दोन पेपर राहिले ते राहिलेच. दर परीक्षेच्या आधी कुठलं ना कुठलं मशीन बंद पडायचं. पुढे त्या डीलरकडे प्रमोशन मिळालं ते डिग्रीवाल्या मुलांना, ज्यांना स्क्रू कुठला आधी काढायचा हे मामानेच शिकवलं होतं. मामा हे हसत सांगतो. मामी मात्र अजून हसत नाही.

हा रस्ताही पुढे आक्रसला. ३१ मे २०१३ पर्यंत नाव नोंदवलेल्यांनाच एएमआयईची ती मान्यता राहिली. मग ३ नोव्हेंबर २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला. काही अभिमत विद्यापीठांनी परवानगी नसताना दूरशिक्षणाने इंजिनियरिंगच्या पदव्या वाटल्या होत्या. त्यातल्या २००१ ते २००५ च्या प्रवेशांच्या पदव्या स्थगित झाल्या, परीक्षा पुन्हा द्या म्हणून सांगितलं गेलं, आणि नंतरच्या प्रवेशांच्या रद्दच झाल्या. प्रयोगशाळेशिवाय इंजिनियर कसा घडेल, हा मुद्दा त्यात होताच. मला विचाराल तर न्यायालयाचं बरोबर होतं. डिफिब्रिलेटरच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही चार्ज राहू शकतो. एका शॉकला ३६० ज्यूलपर्यंत ऊर्जा देणारं यंत्र आहे ते! हे नुसतं पीडीएफ वाचून शिकलेल्या माणसाला मी तरी ते उघडू देणार नाही.

पण या सगळ्या भांडणात आपण एकच प्रश्न घोळवत राहिलो, पदवी घरबसल्या द्यावी की नाही. ज्याला पदवी नकोच आहे, फक्त उद्या सकाळपर्यंत वॉर्मर चालू करायचाय, त्याच्यासाठी काय, हे विचारायचं राहूनच गेलं.

आणि हे काही किरकोळ प्रकरण नाही. केंद्र सरकारने २०१५ मध्ये बायोमेडिकल उपकरणांच्या देखभालीचा कार्यक्रम आणला. त्यासाठी देशभर मोजणी झाली: २९,११५ आरोग्यकेंद्रं, ७,५६,७५० उपकरणं, किंमत साधारण ४,५६४ कोटी. त्यातली राज्याराज्यांत १३ ते ३४ टक्के बंद! भिवंडीत लूम बंद पडला की जॉबर धावत येतो, कारण बंद लूम म्हणजे मालकाच्या खिशाला भोक. रुग्णालयात बंद मशीनवर चादर टाकतात आणि पेशंटला पुढच्या गावाला पाठवतात.

बंद का पडतात? अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचे रॉबर्ट मॅल्किन यांनी २०१० मध्ये एक अभ्यास छापला. अकरा गरीब देशांतल्या साठ रुग्णालयांमधल्या दुरुस्तीच्या २,८४९ मागण्या तपासल्या. निष्कर्ष वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. बंद यंत्रांपैकी जवळपास दोन तृतीयांश यंत्रं फक्त १०७ छोट्या छोट्या कौशल्यांवर परत चालू होऊ शकत होती. फ्यूज, प्लग, पॉवर सप्लाय, मोटर, नळ्या, आणि वापरणाऱ्याला नीट समजावून सांगणं. बाहेरून पार्ट मागवायची गरज नाही. चार वर्षांची डिग्री नको, १०७ गोष्टी!

बरं, हाताला वळण लावणारं मुक्त शिक्षण महाराष्ट्रात झालंच नाही असंही नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम काढला. हिंदुस्थान लिव्हरमधला संशोधक माणूस, दुष्काळी गावात जाऊन बसला आणि शाळा सोडलेल्या पोरांना वेल्डिंग, वायरिंग, शेती, प्रयोगशाळेतल्या तपासण्या असं सगळं करत करत शिकवायला लागला. त्या अभ्यासक्रमाला राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची मान्यताही मिळाली. म्हणजे मुक्त शिक्षण आणि हातातला पाना यांचं वैर नाही, हे पाबळने दाखवलेलं आहे. रुग्णालयाच्या यंत्रांसाठी तसं पाबळ कोणी काढलं असतं तर...

असो. मामा वॉर्मरच्या बाबतीत इतका हट्टी का, हे मला रविवारी वाचताना उमगलं. ९ जानेवारी २०२१, भंडारा जिल्हा रुग्णालय. रात्री नवजात कक्षात आग लागली. सतरा बाळं होती, सात वाचली, दहा गेली. चौकशीत कारण पुढे आलं ते रेडियंट वॉर्मरच्या कंट्रोल पॅनेलमधलं शॉर्ट सर्किट. तेव्हा मी बातमी वाचून दोन मिनिटं हळहळलो आणि स्टँडअप कॉलला गेलो होतो. वॉर्मर म्हणजे नेमकं काय, हेही माहीत नव्हतं.

आमच्या क्षेत्राचीही एक गंमत सांगायला हवी. यंत्र दुरुस्त करायचं तर सर्व्हिस मॅन्युअल हवं, आणि बऱ्याच कंपन्या ते कुलपात ठेवतात. मे २०२० मध्ये, कोविड भरात असताना, आयफिक्सिटवाल्यांनी दोनशेहून जास्त स्वयंसेवकांच्या मदतीने १३,००० च्या वर वैद्यकीय उपकरणांची मॅन्युअल्स सगळ्यांसाठी खुली केली. त्यात ग्रंथपालांचा भरणा होता. महिन्याभरात एका कंपनीची कॉपीराइटची नोटीस आली! आपण ओपन सोर्सवर चहा पिता पिता एवढं बोलतो, पण खरी ओपन सोर्सची लढाई ही आहे असं मला वाटतं.

रविवारी रात्री मामाला फोन करून १०७ चा आकडा सांगितला. पलीकडे जरा वेळ शांतता.

"माझी चौतीसच झालीत रे," तो म्हणाला.

मग कळलं की त्याने वहीत पानं लिहिली आहेत. मराठीत, हाताने, एका पानावर एक बिघाड, शेजारी पेन्सिलीने आकृती. कॉल आला की तो आधी त्या पानाचा फोटो पाठवतो आणि मगच बोलतो. मी म्हटलं, आण, टाइप करून देतो. पोस्टाने शिकलेला माणूस, त्याला पत्राची सवय जाणार कुठे!

नऊ पानं झाली आहेत. मी शहाणपणा करून प्रत्येक पानाच्या डोक्यावरची एकसारखी ओळ उडवली होती. एकदाच प्रस्तावनेत घेऊ म्हटलं, तेच तेच कशाला? कोड लिहिणाऱ्याची खोड. मामाने सगळी पानं परत पाठवली. आता बसून पुन्हा घालतोय, नऊच्या नऊ ठिकाणी: "आधी प्लग काढा."