टोरोंटोचा फारसी वर्ग आणि आपला रोजा

कॅनडात फारसीच्या पद्धतशीर अभ्यासाला सत्तर वर्षे होऊन गेली. १९५२ साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी इस्लामी अभ्यासाची संस्था काढली. हे गृहस्थ फाळणीपूर्वी लाहोरच्या फोरमन ख्रिश्चन कॉलेजात शिकवत असत, तेव्हा फारसीशी त्यांची गाठ आपल्याच बाजूला पडली होती. पुढे १९६९ मध्ये या संस्थेने तेहरानमध्ये शाखाही उघडली. टोरोंटोला १९५७ मध्ये केंब्रिजहून विकेन्स आले. सादीच्या ‘बुस्तान’चे इंग्रजी भाषांतर त्यांचेच, ते १९७४ साली निघाले. १९६२ पासून अझीझ अहमद तिथे शिकवू लागले. हे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिकलेले उर्दू कादंबरीकार. आणि त्याच विद्यापीठात नरेंद्र वागळे महाराष्ट्राचा इतिहास शिकवत. १९८४ साली महाराष्ट्राच्या समाज-संस्कृतीवरची आंतरराष्ट्रीय परिषद भरली ती पुण्या-मुंबईला नव्हे, टोरोंटोला! बर्फाच्या देशात मोडी, मराठी आणि फारसी एकाच आवारात नांदत होत्या.

१९७९ च्या क्रांतीनंतर इराणी माणसे मोठ्या संख्येने आली आणि वर्गाचे रूप बदलले. टोरोंटोच्या यंग स्ट्रीटवर उत्तरेकडे गेलात तर दुकानांच्या पाट्या फारसीत दिसतात. लोक गंमतीने शहराला ‘तेहरांतो’ म्हणतात. वर्गात आता बरीच मुले इराणी घरांतली असतात. त्यांना घरची बोली येते, पण वाचता येत नाही. आपल्या मुलांचे मराठीचे जे झाले तेच.

आमची नात अशाच एका वर्गात दुसऱ्या वर्षाची फारसी शिकते. पहिले वर्ष अक्षरे गिरवण्यात जाते. दुसऱ्या वर्षी खरी भाषा सुरू होते. पुस्तकात ‘नान’ लिहायचे आणि बोलताना ‘नून’ म्हणायचे, सादीच्या ‘गुलिस्तान’मधल्या सोप्या गोष्टी वाचायच्या, नवरोजच्या मेजावर ‘स’पासून सुरू होणाऱ्या सात वस्तू का मांडतात ते समजून घ्यायचे. शिवाय ‘तआरुफ’ शिकायचा, म्हणजे पाहुण्याने दोनदा नको म्हणायचे आणि यजमानाने तिसऱ्यांदा वाढायचे. हे शिकायला विद्यापीठात जावे लागते याचे आम्हांला हसू आले. अलिबागेकडे ते घरीच शिकत असत.

पण एके दिवशी तिने जे विचारले त्यावर आम्ही हसलो नाही. “आजी, तुम्ही उपासाला रोजा म्हणता, प्रार्थनेला नमाज म्हणत होता, एलियाहू हन्नाबीला मलिदा करता. हे सगळे शब्द माझ्या पुस्तकात आहेत. मग आपण इराणहून आलो का?”

वाचकहो, हा प्रश्न नवा नाही. आपले पूर्वज नौगावच्या किनाऱ्याला लागले ते कुठून निघाले होते, यावर कोणी गालील म्हणतो, कोणी येमेन, कोणी इराण. हाईम सॅम्युअल केहिमकरांनी आपला इतिहास लिहिला तेव्हाही हा वाद होताच. शब्दांचा पुरावा मात्र तपासता येतो, आणि तो तपासायला नातीचे दुसऱ्या वर्षाचे पुस्तक पुरले.

आजचा इराणी माणूस रोजाला ‘रूझे’ म्हणतो. आपल्याकडचा दवाखाना, कारखाना यांतला ‘खाना’ तो ‘खाने’ असा उच्चारतो. सिंह आणि दूध दोन्हींना तो ‘शीर’ म्हणतो. आपल्याकडे मात्र सिंह ‘शेर’ आणि दूध ‘शीर’, शिरखुर्म्यातले. म्हणजे हिंदुस्थानात आलेल्या फारसीने जुना उच्चार धरून ठेवला, आणि आपला ‘रोजा’ त्या हिंदुस्थानी फारसीचा आहे.

यावर कोणी म्हणेल, जुना उच्चार आहे तर शब्दही आपण फार जुन्या काळी बरोबर आणला असेल. तसे नाही. इस्लामपूर्व इराणात, सासानी राजांच्या काळी, अशा शब्दांच्या शेवटी ‘ग’ होता. रोजा हा ‘रोजग’ होता. अरबांनी त्या काळचा ‘बरनामग’ उचलला तो अजून ‘बरनामज’ म्हणून त्यांच्या तोंडी आहे, शेपूट टिकले आहे. आपल्या रोजाला आणि मलिद्याला असे शेपूट नाही. हे शब्द आपल्याकडे आले ते शेपूट गळल्यावर, आणि ज्या रूपात ते कोकणच्या मुसलमान शेजाऱ्यांच्या तोंडी होते त्याच रूपात. निजामशाही, आदिलशाही, जंजिऱ्याचा सिद्दी, सगळ्यांच्या कचेऱ्यांतून फारसी झिरपत होती. त्यामुळे आमचे मत असे की हे शब्द शेजारातून घेतलेले आहेत, गलबतातून आणलेले नाहीत. शब्द उशिरा आले म्हणून माणसे उशिरा आली असे मात्र कोणी काढू नये. आपण कधी आलो, हे रोजा सांगत नाही.

एकोणिसाव्या शतकात आपल्याला हिब्रूचे शिक्षण मिळू लागले. जॉन विल्सन यांनी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण छापले, पुढे जोसेफ इझिकेल राजपूरकरांनी प्रार्थना मराठीत आणल्या. नमाजाची तेफिला झाली, रोजाचा तानित झाला. १७९६ ची सॅम्युअल दिवेकरांची शाआर हारहामीम ‘जुनी मशीद’च म्हणवत होती, मशीद बंदर हे नाव तिच्यावरूनच पडले असे आपण सांगत आलो. पुढे मशीद म्हणायला लोक लाजू लागले. शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले, त्यातलाच हा प्रकार. त्या पिढीला दोष देण्याचे कारण नाही, तोरा शिकण्याची भूक मोठी होती. पण जुना शब्द परका म्हणून टाकला हे आम्हांला पटत नाही. ‘नमाज’ आणि आपला ‘नमस्कार’ मुळात एकाच कुळातले आहेत.

आणि परके म्हणायचे कोणाला? एस्तेरच्या मगिल्लात ‘दात’ शब्द पुन्हा पुन्हा येतो, राजाचा कायदा या अर्थी. तो जुन्या फारसीतून हिब्रूत आला, आणि आज इस्राएलात धर्माला ‘दात’ म्हणतात. तोच शब्द पुढच्या फारसीत ‘दाद’ झाला, म्हणजे न्याय. आपण कचेरीत दाद मागतो ती हीच. संत्र्यांच्या बागेला ‘पर्देस’ म्हणतात, तोही इराणी. नातीने हे वर्गात सांगितले तेव्हा तिच्या इराणी मैत्रिणींना ‘दाद मागणे’ फार आवडले म्हणे.

तिला आता आपल्या घरच्या शब्दांची वही करायची आहे. आमच्याकडून सबाबी रोजा, नव्याचा रोजा, उरूस, काजी एवढे निघाले. लोद, दिमोना, अश्दोद, ठाणे, पेण, कुठेही असाल, तुमच्या आजी-आजोबांच्या तोंडचा असा एखादा शब्द आठवत असेल तर ते जसा उच्चारत तसाच, न सुधारता, संपादकांकडे लिहून पाठवा. कोणत्या गावचा आणि कोणत्या सणाला म्हणत, तेही लिहा.