परवाना कोणाच्या नावावर?

आगमन शताब्दीच्या या स्मरणिकेत आपल्या पूर्वजांच्या कष्टांविषयी पुष्कळ वाचायला मिळेल. मी त्यांना गावातून बंदरापर्यंत घेऊन गेलेल्या माणसाविषयी लिहिणार आहे. मी शारजात प्राथमिक वर्गाला शिकवते, आणि त्या माणसाचे वारस इथे मला आजही दिसतात.

१८३४ पासून करारबद्ध मजूर मॉरिशसला जाऊ लागले. फसवून माणसे नेल्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या की १८३९ मध्ये कंपनी सरकारने ही भरती बंद केली. १८४२ मध्ये मॉरिशससाठी ती पुन्हा सुरू झाली, ती कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या बंदरांतून, सरकारी देखरेखीखाली. पुढे भरती करणाऱ्यांना परवाना सक्तीचा झाला. १८८३ च्या कायद्यानुसार तो ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ हा अधिकारी देई, त्यावर जिल्ह्याच्या मॅजिस्ट्रेटची सही लागे आणि मुदत एक वर्षाची असे.

कागदावर सारे चोख होते. पण खेड्यापाड्यांत, आठवडी बाजारात हिंडणारा माणूस बहुधा वेगळाच असे. उत्तरेत त्याला अर्काटी म्हणत. परवाना त्याच्या नावावर नसे, तरी काम हलके आणि पगार चांगला असल्याचे तोच सांगे. मजूर अधिकाऱ्यापुढे उभा राही तोवर त्याचे घर मागे पडलेले असे. अंगठा उठवण्यावाचून त्याच्या हाती फारसे काही उरत नसे.

१९१७ मध्ये गिरमिटाची भरती थांबली, पण दलाली थांबली नाही. १९७० च्या दशकात तेलाचा पैसा आला आणि आखातात माणसांची मागणी वाढली. भारताने १९८३ मध्ये नवा एमिग्रेशन कायदा केला. नोंदणी प्रमाणपत्राशिवाय परदेशी नोकरीसाठी भरती करणे गुन्हा ठरले. एजंटाला बँक हमी ठेवावी लागते. कामगाराकडून घ्यायच्या सेवाशुल्काला आता ३०,००० रुपये आणि त्यावरील कर एवढीच मर्यादा आहे. परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याचे नाव मात्र आजही जवळपास तेच आहे: प्रोटेक्टर जनरल ऑफ एमिग्रंट्स.

अमिरातीनेही नियम कडक केले. २०२१ चा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू झाला. परवान्याशिवाय भरती करता येत नाही, भरतीचा खर्च कामगाराकडून घेता येत नाही आणि त्याचा पासपोर्ट मालकाला अडकवून ठेवता येत नाही. आपल्या पूर्वजांना असे संरक्षण नव्हते, हे मान्य करायलाच हवे.

तरीही काही वर्षांपूर्वी माझ्या माहेरच्या गावचा एक मुलगा माझ्या दारात उभा राहिला. दहावी नापास. आईचे दागिने गहाण ठेवून त्याने ओळखीतल्या एका गृहस्थाला नव्वद हजार रुपये दिले होते. पावती नव्हती. व्हिजा फिरायला येण्याचा होता, त्यामुळे दहावी न झालेल्यांसाठी असलेली सरकारी तपासणीच टळली होती. नोकरी नव्हतीच. मी विचारले, “एजंटाचा नोंदणी क्रमांक काय?” तो म्हणाला, “बाई, ते काका ओळखीचे होते. नंबर कसा विचारणार?”

नोंदणी नाही म्हणून बँक हमी नाही, आणि हमी नाही तर भरपाई कुठून मिळणार? दोन महिन्यांनी तो हात हलवत परत गेला. दागिने सुटायला तीन वर्षे लागली.

मला स्वतःला वर्गात उभे राहायला सरकारी मान्यता लागते, आणि त्यात मला कमीपणा वाटत नाही. पण मान्यता माझ्या नावावर आणि वर्गात शिकवणारी भलतीच, असे कोणी चालवून घेईल का? भरतीच्या धंद्यात हे १८८३ पासून चालत आले आहे. कायदे अनेकदा सुधारले, पण ते कचेरीत बसलेल्या माणसापुरते राहिले. दारात येणाऱ्या माणसाची जबाबदारी परवानाधारकावर टाकल्याशिवाय ही सुधारणा पुरी होणार नाही.

तोवर आपल्या हाती एक गोष्ट आहे. पूर्वजांपैकी पुष्कळांना करार वाचता येत नव्हता, आपल्याला येतो. आपल्या घरातून किंवा ओळखीतून कोणी कामासाठी परदेशी निघाले, तर पैसे देण्याआधी त्याला एवढे विचारायला शिकवू या: परवाना कोणाच्या नावावर आहे? ओळखीच्या काकांना राग आला तरी चालेल.