स्वस्त गेमपॅड आणि १८७९ मधला एक पीएचडी विद्यार्थी

बर्डीवर किंवा ऑनलाइन स्वस्त गेमपॅड शोधताना काही खोक्यांवर ‘हॉल इफेक्ट’ असं लिहिलेलं दिसतं. फिजिक्सवाल्यांनी हे नाव एम.एस्सी.च्या प्रॅक्टिकलला ऐकलेलं असतं. त्यामागे एका पीएचडीची गोष्ट आहे.

मॅक्सवेलने १८७३ च्या ग्रंथात म्हटलं होतं, चुंबकीय क्षेत्रात बल तारेवर लागतं, तिच्यातल्या प्रवाहावर नाही. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या एडविन हॉलला हे पटेना. त्याचे गाईड हेन्री रोलंड यांनी असा प्रयोग आधीच केला होता, पण हाती काही लागलं नव्हतं. हॉललाही आधी अपयशच आलं. मग रोलंड यांच्या सल्ल्याने त्याने काचेवर लावलेला सोन्याचा वर्ख घेतला. हा व्होल्टेज जाडीच्या व्यस्त प्रमाणात असतो, त्यामुळे पातळ वर्खात तो पकडता आला. ऑक्टोबर १८७९ ची ही गोष्ट. इलेक्ट्रॉनचा शोध १८९७ चा!

आता गेमपॅड. साध्या स्टिकखाली पोटेन्शिओमीटर असतो. त्यातली पट्टी घासून झिजते, आणि मग हात न लावताही गेममधला खेळाडू सरकतो. हॉल सेन्सर फक्त चुंबकाचं क्षेत्र मोजतो, घासणं नाहीच. स्प्रिंग मात्र दोन्हींत सैल होऊ शकते. म्हणून बजेट कमी असेल तर रंगीत लाइट सोडा, स्टिक बघा.

आणि प्रयोग फसला म्हणून प्रश्न टाकून देऊ नका. आधी नमुन्याची जाडी तपासा.